चौदावा दिवस मागून मोजा

"सिस्टर, आम्ही चौदावा दिवस कधीच चुकवत नाही, तरी दिवस राहत नाहीत." पुण्यात स्त्रीरोगाच्या दवाखान्यात 18 वर्षं नर्स आहे, हे वाक्य दर आठवड्याला ऐकते.

चौदा खरा, पण तो पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा. अंडाशयातून स्त्रीचं बीज सुटल्यावर साधारण 14 दिवसांनी पाळी येते. चक्र लांबतं ते बहुधा त्याआधीच्या भागात. म्हणजे 28 दिवसांचं चक्र असेल तर चौदावा दिवस, 34 चं असेल तर विसावा. माझं 34 चंच होतं. एका डॉक्टरांनी घाईत "चौदावा" सांगितलं आणि आमचं दीड वर्ष वाया गेलं. त्या दीड वर्षातलं प्रत्येक पाळीचं रडू मला आठवतं.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने खूण करा. नीट रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस, आधीचे डाग धरू नका. चार-सहा महिन्यांत आपलं चक्र कळतं. बीज सुटण्याचा अंदाजे दिवस आणि त्याआधीचे पाच, एवढेच उपयोगाचे. बीज 12 ते 24 तासच टिकतं. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणून ते बीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळीत आधीच पोचलेले बरे. या दिवसांत एक दिवसाआड संबंध पुरतात. नवरा मुंबईत नोकरीला आणि शुक्रवारच्या डेक्कन क्वीनने घरी, असं असेल तर त्या आठवड्यात रजा काढायला सांगा.

तारखा मागेपुढे होत असतील तर योनीतला स्राव बघा. अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूच लांब करा. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी पारदर्शक तार सुटली की दिवस जवळ आला. अंडं घरात येत नसेल त्यांना मी चिरलेल्या भेंडीची तार सांगते, लगेच कळतं. अंगाचं सकाळचं तापमान बीज सुटल्यावरच किंचित वाढतं, त्यामुळे त्याचा उपयोग पुढच्या महिन्यासाठी.

कोट्यवधींतले काहीशे शुक्राणूच बीजापर्यंत पोचतात. एक आत शिरला की बीजाचं आवरण बाकीच्यांना बंद होतं. त्याची 23 गुणसूत्रं, बीजाची 23. त्यातली एक जोडी मुलगा की मुलगी ठरवते: दोन एक्स तर मुलगी, एक्स आणि वाय तर मुलगा. बीजात कायम एक्सच असतं; एक्स की वाय हे शुक्राणूवर ठरतं. मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्या सासूबाईंना हे मी समोर बसवून सांगते.

फलन होतं नळीत. गर्भ गर्भाशयात रुजायला त्यानंतर सहा ते दहा दिवस जातात, आणि प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर दिसणारा हार्मोन रुजल्यावरच वाढतो. म्हणून पाळी चुकेपर्यंत पट्टी आणू नका. आणाल तेव्हा सकाळच्या पहिल्या लघवीवर बघा. फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची 400 मायक्रोग्रॅमची गोळी मात्र डॉक्टरांना विचारून आजच सुरू करा.

वर्षभर जमलं नाही, किंवा वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांत, या. पाळी फारच अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका. येताना कालनिर्णयची पानं आणा आणि नवऱ्यालाही आणा, कारण वीर्याची तपासणी सगळ्यात सोपी, आणि तीच शेवटी होते.