‘यंग जस्टिस’मधला फितूर ओळखताना या चुका टाळा

आधीच सांगतो, पुढे पहिल्या तिन्ही सीझनची रहस्यं फोडलेली आहेत. मालिका पाहायची असेल तर आधी पाहून या. हे रहस्य आयतं कळण्यात मजा नाही.

डीसी कॉमिक्सवर बेतलेली ही अ‍ॅनिमेटेड मालिका २०१० मध्ये सुरू झाली. पहिल्या सीझनचे २६ भाग. खलनायक स्पोर्ट्समास्टरशी गाठ पडल्यावर तरुण सुपरहिरोंच्या टीममध्ये कुणीतरी घरभेदी आहे असा संशय टीमचा नेता अ‍ॅक्वालॅडला येतो आणि तिथून प्रेक्षकांचे तर्क सुरू होतात.

पहिली चूक म्हणजे गुपित दिसलं की फितुरी ठरवून मोकळं होणं. टीममधली आर्टेमिस स्वतःच्या घराबद्दल खोटं बोलते, कारण बाप स्पोर्ट्समास्टर आणि बहीण चेशायर. मिस मार्शनला आपण पांढऱ्या मंगळवासी आहोत हे कुणालाही कळू द्यायचं नाही. खलनायिका क्वीन बी तिला त्यावरूनच धमकावते. सुपरबॉय खलनायक लेक्स लूथरकडून मिळालेल्या ताकद वाढवणाऱ्या पट्ट्या चोरून लावतो. तिघांच्याही लपवण्यामागे लाज आणि भीती आहे. म्हणून तर्क लिहिताना ‘हा काय लपवतोय’ एवढ्यावर थांबू नका. त्या लपवण्यातून शत्रूच्या हाती नेमकं काय पडलं, तेही लिहा. उत्तर सुचत नसेल तर संशयिताचं नाव खोडा.

दुसरी चूक कॉमिक्स वाचणाऱ्यांची, आणि ती फार मोहात पाडते. मूळ कॉमिक्समध्ये आर्टेमिस खलनायिका आहे. शिवाय १९८४ च्या टीन टायटन्सच्या कथेतली टेरा, डेथस्ट्रोक या खलनायकाची हेर, अनेकांच्या डोक्यात पक्की बसलेली. त्यामुळे टीममध्ये नवी मुलगी आली की संशयाची सुई तिच्याकडेच वळते. लेखकांनाही हे ठाऊक असतं! जुनं कॉमिक म्हणजे उत्तरपत्रिका नव्हे. प्रेक्षक कुठे फसेल हे लेखकाला त्यातूनच कळतं.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळी आहे: फितुराला आपण फितूर आहोत हे माहीत असणारच, असं धरून चालणं. खरा घरभेदी निघतो रेड अ‍ॅरो, म्हणजे रॉय हार्पर. अ‍ॅक्वालॅडने ज्याला विश्वासाने संशय सांगितला तोच. आर्टेमिसवर सगळ्यात जास्त डोळा ठेवणाराही तोच. कुंपणच शेत खात होतं, आणि कुंपणाला त्याचा पत्ता नव्हता. तो कॅडमस या गुप्त प्रयोगशाळेने बनवलेला क्लोन; जस्टिस लीग या मोठ्या सुपरहिरोंच्या संघात शिरायचं, ही ओढ त्याच्या मनात पेरलेली. त्यामुळे तो खोटं बोलतोय का हे कितीही बारकाईने तपासलं तरी हाती काही लागत नाही. तो खरंच बोलत असतो.

मग पकडायचं कुठे? ओढीत. पहिल्याच भागात, ४ जुलैला, हॉल ऑफ जस्टिसमध्ये तो चिडतो, लीगचं खरं ठाणं वॉचटॉवर आहे हे बोलून टाकतो, टोपी फेकून निघून जातो. आपल्याला वाटतं, तरुण पोराचा स्वाभिमान दुखावला. लगेच पुढे बाकीची मुलं कॅडमसमधून सुपरबॉयला सोडवतात, म्हणजे क्लोनची कल्पनाही तिथेच समोर ठेवलेली. रहस्य इतक्या प्रामाणिकपणे मांडणाऱ्या मालिका मला फार आवडतात.

एकदा फसलेला प्रेक्षक मग सगळीकडे फितूर शोधू लागतो. दुसऱ्या सीझनमध्ये अ‍ॅक्वालॅड उघडपणे ब्लॅक मांटा या खलनायकाच्या बाजूला जातो, आर्टेमिसला मारतो. इथे घाईने निकाल देऊ नका, भाग शेवटपर्यंत पाहा. ते सोंग असल्याचं त्याच भागात उघड होतं.

तिसऱ्या सीझनमध्ये तर टेराच येते, आणि डेथस्ट्रोकसाठीच काम करत असते. जुनी कथा पाठ असलेले तिच्या वाराची वाट पाहत बसले. शेवटच्या भागात डेथस्ट्रोक हुकूम देतो, आणि ती टीमच्या बाजूने उभी राहते.