टेलरच्या व्हिसाचे पैसे कोणी भरायचे?

२०१६ मध्ये मी नागपुरातल्या एका माणसाला ८५ हजार रुपये दिले, संयुक्त अरब अमिरातीतल्या शारजाला टेलरच्या कामासाठी गेलो आणि एकोणिसाव्या दिवशी परत आलो. २०१८ मध्ये पुन्हा गेलो तेव्हा एजंटला ३५ हजार ४०० रुपये दिले, तेही पावती घेऊन, आणि चार वर्षं काम करून आलो. हात तेच होते, मशीनही तेच. फरक पडला तो कागदांमुळे. आता नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या टेलरिंगच्या दुकानात दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारायला येतं, "भाऊ, व्हिसाचं काही जमते का?" त्या सगळ्यांना जे सांगतो, ते इथं नीट लिहितो आहे.

आधी पहिल्या वेळचं. त्या माणसानं मोबाईलवर एक कागद पाठवला. त्यावर माझा फोटो होता, नाव होतं, पासपोर्ट नंबर होता. मी आनंदानं घरभर दाखवला. तो ३० दिवसांचा व्हिजिट व्हिसा होता, हे वाचता येण्याइतकं इंग्रजी मला येत होतं, आणि मी विचारलंही. तो म्हणाला, "तिथं गेल्यावर चेंज होते, टेन्शन कायले घेता?" तिथं पोहोचलो तर दुकानाच्या मालकाकडे मला ठेवून घ्यायची परवानगीच नव्हती. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथं बेकायदा आहे, पकडला तर कामगारही अडकतो. हैदराबादचा एक कटर मास्टर भला माणूस होता. मुदत संपली की रोजचा दंड चढतो, त्याआधी निघ, असं त्यानंच मला समजावलं. परतीचं तिकीट भावानं काढलं. बायकोची पोत सोडवायला पुढं दीड वर्ष लागलं.

म्हणून 'स्पॉन्सर' म्हणजे काय ते आधी समजून घ्या. परदेशातला मालक त्याच्या देशाच्या सरकारकडे जाऊन सांगतो की मला या नावाचा, या कामाचा माणूस हवा आहे, आणि परवानगी काढतो. त्याचा खर्च त्याचा. अमिरातीत भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कामगाराकडून घेणं कायद्यानं मना आहे. तेव्हा 'व्हिसा केवढ्याला?' हा प्रश्नच चुकीचा. विचारायचं ते असं: मालक कोण, दुकान कुठं, काम कोणतं, पगार किती.

'काम कोणतं' या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. परदेशात शिवणकामाच्या दोन वेगळ्या दुनिया आहेत. एक कारखान्याची. जॉर्डनमध्ये, मॉरिशसमध्ये निर्यातीचे कपडे शिवणारे मोठे कारखाने आहेत, तिथं आपल्याकडचे पुष्कळ लोक जातात. पण तिथं तुम्ही टेलर नसता, ऑपरेटर असता. दिवसभर फक्त खिसा लावायचा, किंवा फक्त बाही जोडायची, आणि तासाला किती नग झाले ते मोजलं जातं. ज्यानं वीस वर्षं माप घेण्यापासून काज-बटणापर्यंत पूर्ण शर्ट स्वतः केला, त्याला हे काम खातं. मी अशी दोन चांगली माणसं सहा महिन्यांत परत आलेली पाहिली. उलट विशी-बाविशीच्या मुलाला, ज्याचा पॉवर मशीनवर हात वेगात चालतो, त्याला हे बरं पडतं.

दुसरी दुनिया दुकानाची. आखातात तिथल्या पुरुषांचा पेहराव अजूनही मापानं शिवून घेतला जातो. मी कंदुरा, म्हणजे तिथला पायघोळ अंगरखा, शिवायचो. अमिराती कंदुऱ्याला कॉलर नसते, गळ्यापासून लांब गोंडा लोंबतो. सौदी थोबला कॉलर असते. ओमानी दिशदाशाचा गोंडा आखूड असतो. पांढरं, पातळ कापड असतं. टाका उसवला की भोक दिसतं, म्हणून पहिल्यांदाच शिवण सरळ यावी लागते. ज्याची कुर्त्याची आणि सफारीची फिनिशिंग साफ आहे, त्याला हे काम महिनाभरात जमतं. रमजानमध्ये मात्र झोप विसरायची, ईदच्या आधीचे दिवस फार कठीण जातात. बायकांच्या अबायाचं काम वेगळं, त्यात हातकामाला आणि खड्यांच्या कामाला किंमत आहे.

आपली विद्या कागदावर आणणं हा पुढचा भाग. आमच्यापैकी बहुतेक जण बापाच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, सर्टिफिकेट कुणाकडे? आयटीआयचा 'सुईंग टेक्नॉलॉजी' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. ज्याला आधीच काम येतं त्याच्यासाठी आरपीएल आहे, म्हणजे परीक्षा घेऊन आहे त्या कौशल्याला सरकारी प्रमाणपत्र मिळतं. त्यात 'सेल्फ एम्प्लॉईड टेलर' हे नाव शोधा. पण खरं सांगतो, दुसऱ्या वेळच्या मुंबईतल्या मुलाखतीत माझं सर्टिफिकेट दोन मिनिटं पाहिलं आणि जुकीच्या पॉवर मशीनवर दीड तास बसवलं. कट पॉकेट, बाहीची पट्टी, आणि चौकटीच्या कापडावर रेघ जुळवून खिसा. घरी पायाच्या मशीनवरच काम करत असाल तर जायच्या आधी पंधरा दिवस कुणाच्या तरी दुकानात पॉवर मशीनवर हात बसवा. त्या दिवशी माझ्यापुढचे तीन जण केवळ मशीन पळालं म्हणून बाद झाले. शिवाय स्वतः शिवलेल्या आठ-दहा कपड्यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, उलट्या बाजूचेही. मास्टर माणूस कपडा उलटा करूनच बघतो.

आता एजंट. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं. सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर नावानं शोधलं की लायसन्स चालू आहे, संपलंय की निलंबित आहे ते दिसतं. नागपुरात बसून "मी मुंबईच्या कंपनीचा माणूस" म्हणणाऱ्याला एक पैसा देऊ नका. मुंबईच्या ऑफिसला फोन लावून नागपुरात त्यांची मंजूर शाखा आहे का ते विचारा. एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो. माझे ३५ हजार ४०० ते हेच.

पासपोर्टचं बघा. दहावी पास नसाल तर बहुधा ईसीआर पासपोर्ट असतो, म्हणजे आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची मंजुरी लागते. पुष्कळांना हा अडथळा वाटतो. मी नववीपर्यंत शिकलेला, माझाही तोच पासपोर्ट होता, आणि त्या मंजुरीमुळेच माझा करार कुणीतरी तपासला. सोबत प्रवासी भारतीय विमा होतो: दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण. बहिणींसाठी एक गोष्ट महत्त्वाची. ईसीआर पासपोर्टवर नोकरीला जायचं असेल तर बाईचं वय किमान ३० लागतं. माझ्या मावसबहिणीचा ब्लाऊजवर असा हात आहे की धरमपेठेतून गिऱ्हाईक येतं. तिला मी आधी मुक्त विद्यालयातून दहावी करायला लावली.

करार हातात आला की पगाराची ओळ दोनदा वाचा. अमिरातीत कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर अरबी, इंग्रजी आणि कामगाराला कळेल अशा भाषेत असतं, हिंदीतही निघतं. ते मागून घ्या. त्यात मूळ पगार वेगळा आणि भत्ते वेगळे लिहिलेले असतात. शेवटी ग्रॅच्युइटी मिळते ती मूळ पगारावर, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार या हिशेबानं. माझ्या पहिल्या करारात मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त होते; नूतनीकरणाच्या वेळी भांडून ते बदलून घेतलं. हुद्दा 'टेलर' असाच लिहिलाय ना, 'हेल्पर' नाही ना, हेही बघा. पासपोर्ट मालकानं ठेवून घेणं तिथं बेकायदा आहे. मेडिकल तिथं गेल्यावर होतं, पण छातीचा एक्स-रे नागपुरातच काढून बघा. उसनवारी करून गेल्यावर छातीत दोष निघालेल्या मुलाचा चेहरा मी विसरलो नाही.

लंडन-कॅनडाचं विचारणारे फार असतात. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसासाठी २२ जुलै २०२५ पासून पदवीच्या पातळीचं काम लागतं, टेलरचं काम त्याखाली राहिलं. तेव्हा आज कुणी लंडनच्या टेलरिंगचा नवा स्पॉन्सर व्हिसा देतो म्हणाला तर दुकानातून उठा. कॅनडात मालकाला आधी एलएमआयए नावाची परवानगी काढावी लागते, तिचे १००० डॉलर मालकानंच भरायचे, तुमच्याकडून वसूल करता येत नाहीत. 'एलएमआयए विकत देतो' असं म्हणणाऱ्याला मी दुकानात बसू देत नाही.

निघताना कराराची, पासपोर्टची आणि एजंटच्या पावतीची झेरॉक्स घरी बायकोजवळ ठेवा. तिथं पगार अडला, मारझोड झाली, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार करता येते, आणि तेव्हा हेच कागद लागतात. आणि आपली कात्री मोठ्या बॅगेत, चेक-इनला टाका. हातातल्या पिशवीत ठेवली तर विमानतळावर काढून घेतील. बापाची कात्री असेल तर ती परत मिळणार नाही.