कुंडीतला वाळुंज : काडी थंडीत लावा, उन्हाळ्यात पाणी सांभाळा

नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत, नवी पालवी फुटण्याआधी वाळुंजाच्या, म्हणजे विलोच्या, काड्या लावून घ्याव्यात. ओढ्याकाठचा आपला वाळुंज असो की रोपवाटिकेतला लोंबत्या फांद्यांचा विलो, पद्धत एकच.

गेल्या हंगामातली, पेन्सिलएवढी जाड, 20 ते 25 सेंमी लांब काडी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा सरळ ठेवा, म्हणजे काडी उलटी लागणार नाही. द्राक्षाच्या काड्या लावणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. दोन तृतीयांश काडी मातीत जाऊ द्या. मुळे फुटवणाऱ्या संजीवकाची गरज नाही, विलोला मुळे सहज फुटतात.

दोन भाग पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण 12 इंची कुंडीत भरा. नुसती काळी माती मात्र भरू नका. ओली असताना ती हवा कोंडते आणि वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. कुंडीखाली पाणी दिसते, तरी शेंडा माना टाकतो, तो यामुळेच. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा आणि फट मिश्रणाने बुजवा.

पहिला उन्हाळा सर्वांत अवघड. मार्च ते मे रोज सकाळी पाणी द्या, एप्रिलपासून संध्याकाळीही. दुपारी सावली हवी. गच्चीवर तापलेल्या काळ्या प्लास्टिक कुंडीत कडेची मुळे भाजतात, म्हणून कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळा. खालच्या ताटलीत दोन सेंमी पाणी चालेल, पण दर आठवड्याला ती रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास वाढतील.

बोअरच्या जड पाण्याने मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात. शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडली, तर लोहाची कमतरता समजा. चिलेटेड (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले) लोह अर्धा ग्रॅम प्रति लिटर फवारा. मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीसाठी निंबोळी तेल 5 मिली प्रति लिटर, थोड्या साबणासह, संध्याकाळी फवारा.

दर दोन वर्षांनी जानेवारीत रोप काढून, गोल फिरलेली मुळे कापून ताज्या मिश्रणात लावा. पुढे जमिनीत लावायचे असेल, तर पाइपलाइन, विहीर आणि शोषखड्डा यांपासून लांबच. ओलाव्यामागे मुळे जोडांच्या फटीतून आत शिरतात.