ठसा जुळला, तरी खटला ढासळतो: बोटांच्या ठशांच्या पुराव्यात या चुका टाळा

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानाचं शटर सकाळी उचकटलेलं दिसलं की दहा मिनिटांत तिथे गर्दी जमते. मालक गल्ला उघडून बघतो, नोकर विस्कटलेला माल आवरायला घेतो, शेजारचा कुणी शटर खाली-वर करून ते कसं उचकटलं असेल हे दाखवतो. ठसेतज्ज्ञ येईपर्यंत चोराचा हात जिथे लागला असेल, तिथे आणखी पाचसात जणांचे हात फिरलेले असतात. पुढे दोन-तीन वर्षांनी न्यायालयात आरोपी सुटला की सगळे म्हणतात, ठसे असूनही सुटला.

बोटांवरच्या रेषा गर्भातच तयार होतात आणि खोल जखम झाली नाही तर जन्मभर तशाच राहतात. हा पाया भक्कम आहे. पण न्यायालयात बोट येत नाही, बोटानं मागे सोडलेला डाग येतो. तो बहुतेक वेळा अर्धवट, घसरलेला, दुसऱ्या ठशावर पडलेला असतो. अंगठ्याच्या ठशांची ओळख हे अचूक शास्त्र आहे आणि त्यात चुकीला जागा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७९ मध्ये जसपाल सिंग खटल्यात म्हटलं होतं. ते वाक्य आजही युक्तिवादात वाचून दाखवलं जातं. कागदावर मुद्दाम उमटवलेला पूर्ण अंगठा आणि तिजोरीच्या कडेवर राहिलेला नखाएवढा तुकडा यांना ते सारख्याच जोरानं लावणं, ही पहिली चूक.

घटनास्थळी

घर किंवा दुकान फुटलेलं दिसलं तर आत जाऊ नका. ११२ वर कळवा, दार अर्धवट असेल तसंच राहू द्या. 'काय काय गेलं' हे बघण्याची घाई सगळ्यात जास्त नुकसान करते. आत जावंच लागलं तर भिंतीच्या कडेनं जा. चोरानं धरली असेल अशी वस्तू, म्हणजे कडी, कपाटाचं हँडल, ड्रॉवरची आतली बाजू, फेकलेली पाण्याची बाटली, हिला हात लावू नका. रुमालानं धरली तरी ठसा पुसला जातो. रुमाल तुमचा ठसा टाळतो, चोराचा वाचवत नाही. हात लागलाच असेल तर पोलिसांना स्पष्ट सांगा. घरच्यांचे, नोकरांचे आणि आत गेलेल्या पोलिसांचेही ठसे वगळण्यासाठी घ्यावे लागतात. ते घेतले नाहीत तर मालकाच्याच मुलाचा ठसा 'अनोळखी' म्हणून फाइलमध्ये पडून राहतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं आणि त्याचं चित्रीकरण होणं अपेक्षित आहे. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुदत दिली होती. चोरीसाठी केलेल्या रात्रीच्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत शिक्षा असल्यानं ती यात बसते. फिर्यादीनं तज्ज्ञ बोलावण्याची विनंती जरूर करावी.

कुठे शोधायचं, कशानं उठवायचं

सोलापूरच्या कारखान्यात घाम गाळून टर्किश टॉवेलवर आणि चादरीवर पावडर मारत बसण्यात अर्थ नाही. खरबरीत, केसाळ कापडावर साध्या पद्धतीनं ठसा मिळत नाही. त्याच गठ्ठ्याचं प्लॅस्टिक वेष्टन, चिकटपट्टी, बिलबुक आणि लोखंडी रॅक बघा. यंत्रमागाच्या शेडमध्ये आणखी एक अडचण असते: तेलकट लोखंडावर कापसाची तूस बसलेली असते. तिथे ब्रश फिरवला की पावडर सगळीकडे चिकटते आणि रेषा बुजतात. अशा जागी आधी तिरप्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी बघायचं, तेलात किंवा धुळीत उमटलेला ठसा दिसला तर त्याला हात न लावता थेट फोटो घ्यायचा.

काच, रंगवलेलं कपाट, स्टीलचा तांब्या अशा गुळगुळीत कोरड्या पृष्ठभागावर पावडर चालते. गडद पृष्ठभागावर पांढरी किंवा करडी, फिकट पृष्ठभागावर काळी. ब्रशच्या टोकाला जेमतेम पावडर घ्यायची, हलका हात ठेवायचा, रेषा दिसू लागल्या की त्यांच्या वळणानं ब्रश फिरवायचा आणि वेळेत थांबायचं. पावडर जास्त झाली की दोन रेषांमधली जागा भरते आणि ठशाचा काळा डाग होतो.

कागदाला पावडर लावू नका. घामातली अमिनो आम्लं कागदाच्या तंतूंत मुरतात आणि बराच काळ टिकतात. निनहायड्रिन या रसायनानं ती जांभळी होऊन दिसतात. म्हणून जुना दस्तऐवज 'आता काय मिळणार' म्हणून सोडू नये. मात्र कागद भिजला असेल तर ही आम्लं वाहून जातात आणि फिजिकल डेव्हलपरसारखी दुसरी पद्धत लागते. ओल्या गुळगुळीत वस्तूंसाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं द्रावण असतं. फ्रीजमधून काढलेली बाटली पुसायची नाही, साध्या हवेत सुकू द्यायची. चिकटपट्टीच्या चिकट बाजूसाठी जेन्शियन व्हायोलेट हा जांभळा रंग. प्लॅस्टिकसाठी सुपरग्लूची वाफ, पण त्या पेटीत ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. मे महिन्यात सोलापूरची हवा इतकी कोरडी असते, की पेटीत कोमट पाण्याचं भांडं ठेवलं नाही तर ठसा फिकाच राहतो. उन्हात उभ्या गाडीच्या काचेवरचा ठसाही लवकर सुकतो आणि त्याला पावडर नीट धरत नाही, म्हणून अशी गाडी आधी तपासावी.

रक्तात उमटलेल्या ठशावर पावडर मारणं ही मोठी चूक. आधी फोटो, मग डीएनएसाठी नमुना कुठून घ्यायचा ते ठरवणं, मग अ‍ॅमिडो ब्लॅकसारखा रंग. एकाच ब्रशनं एका घटनास्थळावरून दुसऱ्या ठिकाणी डीएनए जाऊ शकतो, हेही विसरू नये.

फोटो आणि उचल

ठसा उचलण्याआधी फोटो हवाच. एक दुरून, वस्तू खोलीत कुठे आहे ते दाखवणारा, एक मधला, एक जवळून. जवळच्या फोटोत मिलिमीटरची पट्टी ठशाच्याच पातळीवर ठेवायची आणि कॅमेरा ९० अंशांत धरायचा. पट्टी वर-खाली झाली किंवा कॅमेरा कलला, की माप चुकतं आणि बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. प्रतिमा मूळ आकारात इंचाला १००० पिक्सेल असावी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा जुळवणीला वापरू नका. ती दाबली जाते आणि बारकावे जातात. मूळ फाइल जपा, तिचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा संगणकीय आकडा, नोंदवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्याशिवाय पूर्ण होत नाही.

टेप एका कडेकडून लावायची, अंगठ्यानं हवा बाहेर ढकलायची, एका दमात उचलायची. कार्डावर तारीख, वेळ, वस्तू, नेमकी जागा आणि वरची दिशा दाखवणारा बाण लिहायचा, तिथेच पंचांच्या सह्या घ्यायच्या. जिलेटिन लिफ्टरवर, म्हणजे ठसा उचलायच्या जिलेटिनच्या पट्टीवर, ठसा आरशासारखा उलटा येतो. हे नोंदवलं नाही तर तुलना करणारा चुकीच्या प्रतिमेवर बसतो.

मुद्देमाल हलतो तेव्हा

सगळ्यात जास्त खटले इथे पडतात, आणि याचा रेषांशी काही संबंध नसतो. मोहम्मद अमान विरुद्ध राजस्थान राज्य या १९९७ च्या निकालात पितळी भांड्यावरचा ठसा आरोपीशी जुळल्याचा अहवाल होता. तरीही सर्वोच्च न्यायालयानं तो पुरावा पुरेसा मानला नाही. वस्तू ठसे तपासणाऱ्या केंद्रात पोहोचेपर्यंत तिच्यात ढवळाढवळ झाली नसेल, हे सरकार पक्ष दाखवू शकला नाही, आणि नमुना ठसे दंडाधिकाऱ्यापुढे घेतलेले नव्हते. पोलिसांना ठसे घेण्याचा अधिकार आहे, प्रत्येक वेळी दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतोच असं नाही, हे २०१८ च्या सोनवीर निकालात स्पष्ट झालं. पण अधिकार असणं आणि संशय न उरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंडाधिकाऱ्यापुढे नमुना घेतला तर ठसा मागाहून 'बसवला' हा आरोप जवळजवळ संपतो. ती सोय असताना तपासी अंमलदारानं ती टाळू नये.

वस्तू प्लॅस्टिक पिशवीत टाकू नका. ती घासते, आत ओल धरते. पुठ्ठ्याच्या खोक्यात, ठशाची बाजू कशालाच टेकणार नाही अशी बांधून ठेवा. पंचांसमोर सील, सीलचा नमुना वेगळा, मुद्देमाल रजिस्टरला त्याच दिवशी नोंद. पुण्याला ठसे केंद्राकडे पाठवायला आठ दिवस लागले तर त्या आठ दिवसांचं कारण लेखी हवं. कुणी नेलं, कुणी घेतलं, सील शाबूत होतं का, यातली एक सही नसली की बाकी सगळी मेहनत वाया.

नमुना ठसे

विडी वळणाऱ्या महिला, मागावर धागे जोडणारे कामगार, गवंडी यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. घाईत घेतलेला नमुना पुसट येतो आणि जुळवणी 'अनिर्णीत' ठरते. आधी हात साबणानं धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, घाम येत असेल तर स्पिरिटनं पुसायचे. शाई काचेवर रोलरनं पातळ पसरायची. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच फिरवायचं: अंगठा शरीराकडे, बाकी बोटं शरीराबाहेर. उलट दिशेनं परत फिरवलं की दुहेरी रेषा उमटतात. नमुना पत्रकाच्या खालच्या भागात चार बोटांचे सरळ एकत्र ठसे घ्यायचेच, कारण चुकीच्या चौकटीत चुकीचं बोट गेलं तर तिथेच कळतं. झिजलेल्या हातांसाठी बोटं तळव्याकडून टोकाकडे चोळून मग ठसा घ्यावा. तरी जमलं नाही तर काही आठवडे तो हात कामापासून दूर राहिला की रेषा पुन्हा वर येतात, तेव्हा पुन्हा घ्यावा.

जुळवणी

किती खुणा जुळल्या म्हणजे ठसा एकाच माणसाचा, याचा आकडा भारतीय कायद्यात नाही. इंग्लंडमध्ये १६ खुणांचा दंडक होता, तो २००१ मध्ये सोडून दिला. त्यामुळे 'आठ जुळल्या' किंवा 'बारा जुळल्या' एवढ्यावर समाधान मानू नका. रेषा कुठे संपते, कुठे फाटा फुटतो, दोन खुणांमध्ये किती रेषा आहेत, हे तक्त्यावर दाखवायला सांगा. ज्याचं कारण देता येत नाही असा एक ठळक फरक असेल, तर दहा साम्यं असूनही तो ठसा त्या माणसाचा नाही.

कोट्यवधी ठशांच्या संगणकीय साठ्यात शोध घेतला की हुबेहूब भासणारा, पण दुसऱ्याचा ठसा सापडण्याची शक्यता वाढते. २००४ च्या माद्रिद स्फोटानंतर एफबीआयनं अमेरिकेतल्या एका वकिलाचा ठसा जुळल्याचं खात्रीनं सांगितलं, त्यांच्या एकाहून जास्त तज्ज्ञांनी दुजोरा दिला. स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवून दिलं. दुजोरा देणाऱ्याला पहिल्याचं मत आधीच ठाऊक होतं, ही त्यातली मोठी खोट. नाफिस हा देशपातळीवरचा ठशांचा संगणकीय साठा किंवा महाराष्ट्राची तशीच अँबिस यंत्रणा संभाव्य नावांची यादी देते. निर्णय माणूस करतो. म्हणून दुसऱ्या तज्ज्ञाला आरोपीचं नाव, कबुली, पहिलं मत यातलं काहीच न सांगता तपासू द्यावं. ठसे जुळवताना 'हाच आरोपी आहे, बघा जरा' असं सांगणं म्हणजे पुरावा बिघडवणं.

अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६९ तज्ज्ञांच्या चाचणीत चुकीनं 'जुळला' म्हणण्याचं प्रमाण ०.१ टक्का निघालं, चुकीनं 'जुळत नाही' म्हणण्याचं ७.५ टक्के. पुरावा बलवान आहे, पण 'शंभर टक्के' हा शब्द अहवालात नको.

ठसा काय सांगत नाही

तो कधी उमटला हे ठसा सांगत नाही. ठशाचं वय सांगणारी खात्रीची पद्धत आज नाही. म्हणून गिऱ्हाइकं येतात त्या काउंटरवरचा ठसा जवळजवळ निरर्थक, आणि बंद कपाटाच्या आतल्या कप्प्यातला ठसा फार मोलाचा. बाटली, डबा अशा फिरत्या वस्तूवरचा ठसा कमजोर, कारण वस्तू दुसऱ्या कुणी आणून ठेवलेली असू शकते. खिडकीच्या गजावर बोटं बाहेरून आत वळलेली असतील तर ती दिशा पंचनाम्यात लिहा. आरोपी पूर्वी तिथे कामाला होता का, माल पोहोचवायला येत होता का, हे फिर्यादीच्या पहिल्याच जबाबात विचारा. ते उलटतपासणीत पहिल्यांदा बाहेर आलं तर सावरणं अवघड जातं.

ठसे केंद्राच्या संचालकांचा अहवाल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली साक्षीशिवायही वाचता येतो. बचावाच्या वकिलांनी तेवढ्यावर थांबू नये: तज्ज्ञाला बोलावण्याचा अर्ज द्यावा, मूळ फोटो, तुलनेचा तक्ता आणि कामाच्या नोंदी मागाव्यात. सरकारी वकिलांनी हेच कागद आधीच निशाणी लावून, म्हणजे पुरावा म्हणून क्रमांक देऊन, दाखल करून घ्यावेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची अपिलं कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात, आणि सत्र न्यायालयात जो फोटो दाखल झाला नाही तो तिथे नव्यानं आणणं फार कठीण असतं.