विरळणीनंतर साग वाढला, की फक्त सरासरी वाढली?

माझ्या एमएस्सीच्या प्रबंधातला पहिला आलेख फार देखणा होता. विरळणी केलेल्या, म्हणजे काही झाडं तोडून बाकीच्यांना जागा मोकळी केलेल्या, सागाच्या प्लॉटमध्ये खोडांची सरासरी गोलाई वर्षभरात झपकन वर गेलेली, आणि न केलेल्या प्लॉटची रेष जवळजवळ आडवी. विभागातल्या सेमिनारला मी तो आनंदाने दाखवला. मागे बसलेल्या एका बाहेरच्या परीक्षकांनी एकच विचारलं, "पातन (झाडांची तोड) झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सरासरी किती होती?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री खोलीवर येऊन आकडेमोड केली आणि दीड वर्षाचं काम हातातून सुटतंय असं वाटलं. आज हे लिहितानाही पोटात तसंच होतं. वनशास्त्राला नव्याने आलेल्या आणि 'व्यवस्थापनाचा झाडांच्या वाढीवर परिणाम' असा विषय घेतलेल्या प्रत्येकाने हा एक मुद्दा पक्का समजून घ्यावा, म्हणून हे लिहिते आहे. सागाचं रोपवन, जडी (रोपाचं छाटलेलं मूळ-खोड) लावणं, 2 बाय 2 मीटरचं अंतर म्हणजे हेक्टरी 2500 झाडं, विरळणी का करतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरते.

एक छोटा प्लॉट घ्या. दहा झाडं, छातीच्या उंचीवरची गोलाई सेंटिमीटरमध्ये: 30, 32, 33, 35, 40, 44, 48, 52, 56, 60. बेरीज 430, सरासरी 43. आता विरळणी करा. विरळणीत आपण दबलेली, बारीक, वाकडी झाडं काढतो, म्हणजे पहिली चार गेली. उरलेल्या सहांची बेरीज 300, सरासरी 50. सकाळी 43 होती, संध्याकाळी 50 झाली. एकाही झाडाने एका मिलिमीटरची वाढ केलेली नाही. वाढलेली आहे ती कुऱ्हाडीने वाढवलेली सरासरी.

पुढच्या वर्षी ही सहा झाडं प्रत्येकी अडीच सेंटिमीटर वाढली असं धरू. सरासरी 52.5. मी काय केलं होतं? विरळणीआधीचे 43 आणि वर्षानंतरचे 52.5 घेऊन साडेनऊची वाढ दाखवली होती. खरी वाढ अडीचची.

इथे बरेच जण म्हणतात, मग सोपं आहे, पातनानंतरची सरासरी सुरुवात म्हणून घ्या. नाही, एवढ्याने सुटत नाही. तुम्ही ठेवलेली सहा झाडं मुळातच जोमदार होती. छत्र, म्हणजे फांद्यापानांचा पसारा, मोठं, पानं उन्हात, म्हणून तर ती जाड झाली. विरळणी केली नसती तरी ती त्या चार झाडांपेक्षा जास्तच वाढली असती. आणि न केलेल्या प्लॉटमध्ये तुम्ही दबलेल्या झाडांसकट सगळ्यांची सरासरी घेताय. म्हणजे एका वर्गातली हुशार मुलं निवडून त्यांची तुलना दुसऱ्या अख्ख्या वर्गाशी केली आणि फरकाचं श्रेय शिकवणीला दिलं.

उपाय सोपा आहे, पण तो आधी करावा लागतो, नंतर करता येत नाही. दोन्ही प्लॉटमध्ये, कुठेही कुऱ्हाड लागण्याआधी, प्रत्येक झाडाला क्रमांक द्या आणि गोलाई मोजा. मग दोन्ही प्लॉटमध्ये मार्किंग करा, जणू दोन्हीकडे विरळणी होणार आहे. कुठलं झाड जाईल, कुठलं राहील हे वहीत लिहा. त्यानंतर चिठ्ठी टाकून ठरवा की कुठला प्लॉट खरोखर विरळ करायचा. पातन झालं की 'राहिलेल्या' झाडांची तुलना दुसऱ्या प्लॉटमधल्या 'राहिली असती' अशा झाडांशीच करा, झाडागणिक. प्लॉटच्या कडेच्या एक-दोन ओळी हिशेबात घेऊ नका, त्यांना शेजारचा उजेड मिळतो. असे प्लॉट दोनावर थांबवू नका, जमतील तितके जास्त घ्या.

माझ्याकडे 'राहिली असती' अशी यादीच नव्हती. मला न केलेल्या प्लॉटमधल्या झाडांच्या जुन्या गोलाईवरून जोड्या लावाव्या लागल्या आणि एक पावसाळा जास्त द्यावा लागला. आलेखातला फरक बराच खाली आला, पण उरला तो खरा होता. तुमचंही असं काही झालं असेल तर कच्च्या नोंदी फेकू नका. झाडांचे क्रमांक जागेवर असतील तर बरंचसं वाचतं.

हीच गोष्ट निलांबूरला गेल्यावर मला पुन्हा दिसली. तिथे, केरळमध्ये, मलबारचा ब्रिटिश कलेक्टर कोनोलीच्या काळात, 1840 च्या दशकात, सागाची लागवड सुरू झाली. तिथली राक्षसी खोडं पाहून लोक म्हणतात, तेव्हाचा साग असाच वाढायचा. आपण पाहतो ती उरलेली झाडं. त्यांच्या शेजारची कितीतरी कधीच गेली.

मग विरळणीने काही होतच नाही का? होतं, आणि ते सुंदर आहे. उंचीवर तिचा परिणाम थोडा असतो. वरच्या थरातल्या झाडांची उंची मुख्यतः जमिनीच्या प्रतीवर ठरते, म्हणून तर उंचीवरून आपण रोपवनाची प्रत ठरवतो. फरक पडतो तो जाडीत. शेजारी गेला की उजेड खालच्या फांद्यांपर्यंत पोचतो, त्या वाळत नाहीत, छत्र खोल राहतं. जास्त पानांना पाणी पोचवायचं तर जास्त रसकाष्ठ, म्हणजे पाणी वाहून नेणारं बाहेरचं लाकूड, लागतं, म्हणून खोड रुंद होतं. जमिनीत पाण्यासाठी भांडणारी मुळंही कमी होतात. पण हेक्टरचा एकूण घनफळाचा हिशेब मांडलात तर विरळणीने लाकूड 'जास्त' तयार होत नाही, तेच थोड्या खोडांवर वाटलं जातं. हे वाक्य प्रबंधात स्पष्ट लिहा, नाहीतर तोंडी परीक्षेत अडकाल.

आणि एकदम फार मोकळं केलं तर सागाच्या खोडावर सुप्त डोळे फुटतात, अंगभर बारीक फुटवे येतात. दर फुटव्याची लाकडात गाठ होते. जास्त विरळणी म्हणजे जास्त चांगली असं समजणाऱ्यांनी असं एखादं रोपवन जवळून पाहावं.

शरीरक्रिया मोजणार असाल तर पहिल्या पावसाळ्यावर निकाल देऊ नका. सावलीत तयार झालेलं पान पातळ असतं, ते अचानक उन्हात आलं तर दुपारी पर्णरंध्रं मिटून बसतं. साग दर कोरड्या ऋतूत पानं टाकतो, त्यामुळे पुढच्या पालवीची पानं नव्या उजेडात घडतात आणि त्यानंतरची मापं बोलायला लागतात. पानातला पाण्याचा ताण पहाटे, सूर्य उगवण्याआधी मोजा. रात्रभरात पान आणि माती समतोलावर आलेले असतात. दहा वाजता जीपने पोचून घेतलेल्या 'पहाटेच्या' नोंदी मी पाहिल्या आहेत. त्या खोट्या असतात, दुसरा शब्द नाही. पावसाच्या सुरुवातीला पानं खाणारी अळी आली तर तेही लिहून ठेवा. अर्धं छत्र अळीने खाल्लेलं असताना तुम्ही विरळणीचा परिणाम मोजत नसता.

टेपबद्दल थोडं. सागाची वर्षाची वाढ दोन-तीन सेंटिमीटर असेल आणि तुमची चूक एक सेंटिमीटरची असेल तर तुमच्याकडे काहीच नाही. 1.37 मीटरवर रंगाचा पट्टा मारा, उतारावर वरच्या बाजूने उंची घ्या. टेप तिरपी झाली तर आकडा नेहमी जास्तच येतो, कमी कधीच नाही. पहिल्या पावसात वाळलेलं खोड पाणी पिऊन फुगतं, लाकूड वाढण्याआधीच. म्हणून सगळे प्लॉट दर वर्षी एकाच आठवड्यात मोजा, मे अखेर एक आणि जुलैमध्ये दुसरा असं करू नका. फोनच्या ॲपने व्यास मोजण्याच्या फंदात पडू नका. सर्व्हेला चालेल, वाढीला नाही.

मार्गदर्शक निवडताना माझं मत असं, की ज्यांची शोधनिबंधांची यादी लांब आहे त्यांच्यापेक्षा जे पावसात एकदा तरी तुमच्या प्लॉटवर येतील ते घ्या. प्लॉट आखण्याआधी त्यांना सोबत न्या. माझ्या बाबतीत तसं झालं नाही, आणि दोष अर्धा माझा, मी आग्रह धरला नाही. त्या बीटच्या (वनरक्षकाच्या हद्दीच्या) वनमजूर काकांनी मात्र दर मोजणीला टेपचं दुसरं टोक धरलं, आणि कुठल्या झाडाची साल मोजणीच्या रेषेवर सुटली आहे हे मला आधी तेच सांगायचे. अशा माणसाची रोजंदारी तुमच्या बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा, उपकरणांच्या आधी.

आता घाबरला असाल तर एवढं सांगते, माझा प्रबंध पास झाला. आलेखातला फरक लहान होता, आणि तोंडी परीक्षेला तेच परीक्षक पुन्हा आले होते. त्यांनी या वेळी विचारलं, न केलेल्या प्लॉटमधली कुठली झाडं घेतली? मी क्रमांकांची यादी पुढे ठेवली. त्यांनी ती पाच मिनिटं शांतपणे वाचली, मग पुढच्या पानावर गेले.