पुण्यात शिकायला येताय? आधी खोलीचा कागद करा

बारावीचे, पदवीचे निकाल लागले की मला गावाकडून फोन सुरू होतात. जिंतूर, सेलू, पाथरी भागातली पोरंपोरी पुण्याला यायची असतात आणि आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, रात्रीअपरात्री यायला-जायला भीती नाही ना?" प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तरही पुढे देते. पण एमपीएससीच्या अभ्यासासाठी आधी सदाशिव पेठेत आणि मग नवी पेठेत राहिले, तेव्हा मुलं सगळ्यात जास्त अडचणीत आलेली पाहिली ती खोलीवरून. राहती जागा आठवड्यात हातची गेली की सामान कुठं ठेवायचं, रात्री कुठं टेकायचं, कुणाच्या भरवशावर जायचं हे सगळं एकदम अंगावर येतं. नको त्या माणसाची मदत घ्यायची वेळ येते ती तेव्हाच. म्हणून मी आधी खोलीचं बोलते.

पेठांत जागा मिळते ती बहुतेक कॉट बेसिसवर. दहा बाय बाराच्या खोलीत चार लोखंडी कॉट, वाट्याला कपाटाचा एक कप्पा आणि मोबाईल चार्ज करायला पाळी. पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट दिलं की किल्ली हातात. करार विचारला तर उत्तर येतं, "अकरा महिन्यांचं तर आहे, त्याला कशाला रजिस्ट्रेशन?" हे साफ चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा लागतो आणि नोंदवावाही लागतो. अकरा महिन्यांना त्यात सूट नाही. नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणखी एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. नोंदणीकृत करारच नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं पाडायचं काम मालकाचं. स्टँप पेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणला म्हणजे करार नोंदवला असं होत नाही. नोंदणी आता ऑनलाइन होते, एजंट मशीन घेऊन घरी येतो, अंगठा लावून अर्ध्या तासात काम उरकतं. मालक का टाळतात हे आपण समजून घेऊ शकतो, पण आपण गप्प का बसावं?

करारात राहणाऱ्या सगळ्यांची नावं आहेत का हेही बघा. पुष्कळदा तो पहिल्या मुलीच्या नावावर असतो आणि बाकीच्या तिघी कागदावर कुठंच नसतात. काही ठिकाणी पीजी म्हणून नुसता फॉर्म भरून घेतात. तिथं निदान नाव, कॉट नंबर, डिपॉझिटची रक्कम आणि किती दिवसांची नोटीस हे लिहिलेली सहीची पावती मागा. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं "फक्त खोलीसाठी" आणि तारीख लिहा. मूळ मार्कशीट, टीसी कुणाकडेही ठेवायला देऊ नका.

हे एवढं लांबण लावून का सांगते? नवी पेठेत आम्ही एका जुन्या वाड्यात राहायचो. असे वाडे सध्या एकामागून एक पुनर्विकासाला जातायत. एका बुधवारी संध्याकाळी मालकांचा फोन आला, "मुलींनो, सोमवारी बिल्डरची माणसं येणार. रविवारपर्यंत खोली खाली करा." डिपॉझिटचं विचारलं तर म्हणाले, ते रंगकामात गेलं. माझी रूम पार्टनर हिंगोलीकडची, स्वभावानं अबोल, पण तिचं काम चोख. दर महिन्याला भाडं यूपीआयनं पाठवताना ती त्याखाली लिहायची, "मे महिन्याचं भाडं, कॉट नं. 3". आल्या दिवशी तिनं भिंतींचे, नळाचे, कॉटचे फोटो काढून मालकांनाच व्हॉट्सॲपवर पाठवले होते आणि "एक महिन्याची नोटीस ठरली आहे ना काका?" असं विचारून त्यांचा "हो" घेऊन ठेवला होता. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात त्या सगळ्याचे प्रिंट काढले आणि चौकीवर गेलो. भाड्याच्या भांडणाचा निवाडा पोलीस करत नाहीत, पण तिथल्या हवालदारांनी कागद चाळले आणि मालकांना फोन लावला. महिनाभराची मुदत मिळाली. तिचं डिपॉझिट पूर्ण परत आलं. शेजारच्या खोलीतल्या दोघींनी सगळं रोख दिलं होतं, पावती नव्हती. त्यांना निम्म्यावर समाधान मानावं लागलं.

खोली न बघता टोकन पाठवायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी. ऑनलाइन जाहिरातीत सुंदर फ्लॅट, भाडं कमी आणि मालक "फौजेत आहे, बदली झालीय" असं सांगणारा असेल तर तिथंच थांबा. यूपीआयवर पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. गेलेच पैसे तर तडक 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते.

आता प्रवासाचं. मराठवाड्याच्या बऱ्याच गाड्या ज्या शिवाजीनगर स्थानकात यायच्या, ते स्थानक मेट्रोच्या कामामुळे 2019 च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं. कुठं उतरायचं हे कंडक्टरला आधीच विचारून घ्या. गाडी शक्यतो अशी पकडा की उजाडल्यावर पोचाल. 25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे स्वारगेटला गावी निघालेल्या एका तरुणीला "बस तिकडं लागलीय" असं सांगून उभ्या शिवशाहीत नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला, अशी फिर्याद झाली. सगळं पुणे हादरलं होतं. त्यानंतर मुलीनं काय करायला हवं होतं यावर जे बोललं गेलं, त्याचा मला आजही राग येतो. हजारो माणसं येतात-जातात त्या स्थानकात तिनं निर्धास्त असणं हा तिचा हक्कच होता. मी तुम्हाला एवढंच सांगेन की गाडीची चौकशी खिडकीवर किंवा गणवेशातल्या माणसाकडे करा. काही घडलंच तर 112 लावा. आणि "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी पोलीस ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावीच लागते, नव्या फौजदारी कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.

अभ्यासिका निवडताना एसी आणि वायफाय सगळेच बघतात. तुम्ही जिना बघा. 27 जुलै 2024 ला दिल्लीत ओल्ड राजेंद्रनगरला तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. तळघरातली किंवा एकच अरुंद दार असलेली अभ्यासिका स्वस्त असली तरी घेऊ नका.

आणि ज्याविषयी कुणी बोलत नाही ते. परीक्षा पुढे जाते, घरून येणारे पैसे आटतात, खोली सुटते, आणि मुलगा अभ्यासिकेतच राहायला लागतो. असा एक जण माझ्या ओळखीत होता. बॅग टेबलाखाली, रात्री दोन खुर्च्या जोडून झोप, आंघोळ सुलभमध्ये. घरी विचारलं की "खोली मस्त आहे". पाठ धरली, ताप निघेना, तेव्हा कुठं मित्रांना कळलं. याला बेघर होणंच म्हणतात, हे त्यालाही मान्य करवत नव्हतं. त्याला हवी होती ती मदत आधीपासून उपलब्ध होती. समाजकल्याणची शासकीय वसतिगृहं आहेत. वसतिगृहात नंबर लागला नाही तर पात्र अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये मिळतात. मात्र ही योजना कॉलेजात प्रवेश असलेल्यांसाठी आहे. इतर प्रवर्गांसाठीही निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत, आपली कुठली ते कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्याच दिवशी विचारा. 1955 पासून काम करणारी विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यातल्या गरजू मुलामुलींना कमी खर्चात ठेवून घेते. यांचे अर्ज ठरावीक मुदतीतच घेतात, म्हणून गाव सोडण्याआधीच चौकशी करा.

तरीही एखादी रात्र उघड्यावर यायची पाळी आली तर महापालिकेची बेघर निवारा केंद्रं असतात. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांची सोय धरलेली होती. पत्ता क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. मुलींसाठी 181 ही महिला हेल्पलाइन आणि सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथं तात्पुरतं राहताही येतं. तिथं जाण्यात कमीपणा नाही. मात्र त्याआधी पुण्यात राहणारं एक घर हेरून ठेवा, मामाचं, गावातल्या कुणाचं, आईच्या मैत्रिणीचं. आणि "अडचण आली तर दोन रात्री येऊ का?" हे सामान बांधायच्या आधीच फोन करून विचारून घ्या.