रॉजर्स यांची पद्धत वापरताना या चुका टाळा

क्लायंट म्हणतो, "घरी जावंसंच वाटत नाही." समुपदेशक म्हणतो, "तुम्हाला घरी जावंसं वाटत नाही." पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटी क्लायंट वैतागतो, "मी तेच तर म्हणतोय!"

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या क्लायंट-केंद्री उपचारपद्धतीची सगळ्यात जास्त थट्टा या पोपटपंचीपायी झाली. रॉजर्स यांनाही पुढे या तंत्राचं 'भावनांचं प्रतिबिंब' हे नाव खटकू लागलं होतं. आपल्याला समजलं ते बरोबर आहे का, एवढंच आपण क्लायंटकडून पडताळून घेतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ऐकलेलं वाक्य परत करू नका, त्यामागचं जे जाणवलं ते अंदाज म्हणून मांडा: "दारात पाऊल टाकलं की कुणीतरी जाब विचारणार, असं काही होतं का?" अंदाज चुकला तरी बिघडत नाही. क्लायंट तो दुरुस्त करतो आणि बहुतेकदा बोलणं तिथूनच पुढे सरकतं.

दुसरी चूक अंगवळणी पडलेली असते, म्हणून लवकर ध्यानात येत नाही: क्लायंटचा विनाअट स्वीकार म्हणजे त्याच्या वागण्याला होकार, असं समजणं. "मी मुलावर हात उचलला" यावर "होतं असं कधीकधी" म्हणणं ही नुसती सारवासारव झाली. कृतीला संमती न देताही ती सांगणाऱ्या माणसाबद्दलचा आदर टिकवता येतो. कौतुकातही हाच धोका आहे. रॉजर्स यांच्या व्यक्तिमत्त्व सिद्धांतात 'मूल्याच्या अटी' अशी कल्पना आहे. रागावलं नाही तरच आपण लाडके, हे मुलाला कळलं की ते स्वतःचा राग नाकारतं किंवा त्याला दुसरंच नाव देतं. मग प्रत्यक्ष अनुभव आणि स्व-संकल्पना (स्वतःबद्दलचं मनातलं चित्र) यांत फट पडते, तीच विसंगती. समुपदेशकाने प्रत्येक धाडसाला "शाब्बास" म्हटलं, तर नवी अटच घातली गेली. पुढच्या भेटीत क्लायंट धाडसाचे किस्से आणील, भीती घरीच ठेवील. (प्रेमळ समुपदेशकांकडून हे जास्त होतं, असं माझं मत.)

सुसंगती, म्हणजे समुपदेशकाचा आतबाहेर एकच असण्याचा खरेपणा. सुसंगती म्हणजे मनात येईल ते बोलून टाकणं, हाही एक गैरसमज. आपल्याला काय वाटतंय याची स्वतःला जाणीव हवी. एखादी भावना टिकून राहिली आणि नात्यात आड येऊ लागली, तरच ती बोलून दाखवायची.

परीक्षार्थींनो, गरजांची शिडी मांडणारे मानसशास्त्रज्ञ मास्लो आणि रॉजर्स यांची सरमिसळ टाळा. रॉजर्स यांच्या मते वास्तविकीकरणाची प्रवृत्ती, म्हणजे आपल्या क्षमता फुलवण्याची ओढ, प्रत्येक जीवात जन्मापासूनच असते, ती मास्लो यांच्यासारखी शिडीची वरची पायरी नाही. मास्लो यांच्या 1943 च्या मूळ लेखात तो प्रसिद्ध पिरॅमिडही नाही.

सगळं नीट करूनही बदल दिसत नसेल तर? 1957 च्या लेखात रॉजर्स यांनी उपचारातून बदल घडण्यासाठी सहा अटी दिल्या होत्या. पाठ्यपुस्तकांत बहुधा समानुभूती (क्लायंटच्या नजरेतून समजून घेणं), स्वीकार आणि सुसंगती या तीनच उरतात. गळालेल्यांपैकी शेवटची अट इथे कामाची: समुपदेशकाची समानुभूती आणि स्वीकार क्लायंटला थोडा तरी जाणवला पाहिजे. तेव्हा विचारा, "मला तुमचं म्हणणं कळतंय असं तुम्हाला वाटतं का?"

आणि या पद्धतीत समुपदेशक क्लायंटला दिशा देत नाही, पण दिशा न देणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. जीव देण्याचे विचार कानावर आले, तर थेट विचारा, सुरक्षिततेची व्यवस्था लावा आणि गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा.